चार बोटं उंच हँडल

मित्रांनो, मी एक जुनी क्रूझर मोटारसायकल आहे. मांडवगण फराटा गावातल्या संपतच्या अंगणात माझा मुक्काम असतो. लांब अंग, रुंद सीट आणि भारदस्त आवाज. मी निघाले की लोक वळून बघायचे आणि मला ते आवडायचे. खोटे कशाला बोलू?

कंपनीत मला घडवले तेव्हा हँडल खाली आणि पुढे बसवले होते. पुण्याच्या माझ्या पहिल्या मालकाचे हात लांब, त्याला ते शोभायचे. त्याने मला हौसेने मिरवले आणि नवी गाडी आल्यावर गोणपाटाखाली ढकलले. तिथून संपतने मला आणले. तो कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पाळीवर जातो. ऊन असो की चिखल, मी त्याला कधी उशीर होऊ दिला नाही.

मग संपतची मान दुखावली. पुढे वाकून हँडल धरले की त्याचा उजवा हात बधिर व्हायचा. एकदा ब्रेक दाबायचा होता आणि बोटे हललीच नाहीत. आम्ही सरळ उसात शिरलो. तेव्हापासून तो घरात आणि मी भिंतीशी. पाळीच्या वेळेला गावातून दुसरे वाहन नाही. सोमवारी दुपारी आला नाहीस तर तुझ्या जागी दुसरा घेतो, असे सुपरवायझरने कळवले.

"इकून टाक ती गाडी," संपतचे वडील म्हस्कूआबा म्हणाले.

"गाडीला काय झालंय, आबा? हँडल तेवढं वर घ्यायचं," संपतची बायको सुषमा म्हणाली.

आबा कुरकुरले, पण काठी घेऊन आले. त्यांचे आयुष्य मेंढरांमागे गेलेले. त्यांनी संपतला माझ्यावर ताठ बसवले, काठी त्याच्या हातांत आडवी दिली आणि हळूहळू वर उचलली.

"आता?"

"मुंग्या येत्यात."

"आन् आता?"

"हितं बरं वाटतंय, आबा."

सुषमाने हँडल आणि काठी यांच्यामधले अंतर मोजले. चार बोटे भरले.

मला चालवता तिलाही येते; रोज कुरकुंभला ने-आण करणे मात्र जमण्यासारखे नव्हते. सोमवारी सकाळी तिनेच मला दौंडला नेले, संपत मागे बसला. नवनाथ मेकॅनिकने उंच रायझर बसवले, म्हणजे हँडल उचलून धरणारे ठोकळे. मुठींपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या क्लच-अ‍ॅक्सिलरेटरच्या वायर मात्र जुन्याच ठेवल्या. मला अंगभर ताण जाणवत होता, पण सांगणार कशी? सुषमाने मला चालू केले, हँडल पूर्ण डावीकडे वळवले आणि मी जीव तोडून ओरडले. मूठ कुणी पिळली नव्हती. अ‍ॅक्सिलरेटरची आखूड वायरच ओढली जात होती.

"सरळ रोडला काय व्हत न्हाई, वहिनी," नवनाथ म्हणाला.

"चल की गं, कामाला उशीर व्हईल," संपत घाईला आला.

सुषमाने चावी काढून मुठीत धरली. "आन् वळणावर आपोआप पळाली म्हंजी? लांब वायर टाका. तवर गाडी हलणार न्हाई."

"माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दी. तुमी ऱ्हावा."

नवनाथने पुण्याला फोन लावून वायर मागवल्या. संपतने सुपरवायझरला फोन केला. "सायेब, गाडीचं काम अर्धं हाय. उद्या सकाळी येतो." सुपरवायझर आधी चिडला. मग म्हणाला, "उद्या पहिल्या पाळीला. हे शेवटचं सांगतोय."

संध्याकाळी लांब वायर आल्या, ब्रेकचा पाइपही बदलला. सुषमाने हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहिले. या वेळी माझा आवाज जरासुद्धा चढला नाही. इतके मोकळे मला कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, आम्हाला तुमच्या अंगाला बेतून जरूर घ्या. पण अर्धवट काम करून रस्त्यावर काढू नका. आणि आम्ही ओरडलो, तर थांबून ऐका. आमच्यावर तुमचा जीव बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुंभला कंपनीच्या गेटपाशी संपत ताठ उतरला. त्याने उजव्या हाताची बोटे मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग सुषमाला फोन लावला.

"पोचलो," तो म्हणाला. "हात जागा हाय."