साठ अंश

डॉक्टरांनी पथ्य सोडायला सांगितलं, तेव्हा त्याचा अर्थ कळायला घरात कोणालाच वेळ लागला नाही. चार महिने हरिहरला अळणी भात, अळणी दुधी आणि मापानं पाणी मिळत होतं. डाळ बंद, दूध अर्धी वाटी. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या घरात मिठाची बरणीसुद्धा त्याच्या नजरेआड ठेवलेली असे. आणि त्या दिवशी डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले, "भटजी, आता मागेल ते द्या त्याला."

गोपाळकृष्णभटजींनी, म्हणजे नानांनी, मान हलवली. आत येऊन ते मुलाच्या उशाशी बसले. "हरी, पुरणपोळी करायला सांगू? श्रीखंड?"

"नको नाना."

"मग काय आणू?"

"बघू," हरिहर म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

नाना उठून गेल्यावर त्यानं डोळे उघडले. कुंदा खिडकीपाशी आलेखाच्या कागदावर त्याचं आजचं वजन मांडत होती. कुंदा त्याची धाकटी बहीण, तेवीस वर्षांची. बी.एस्सी. होऊन कॉलेजात रसायनाची प्रात्यक्षिकं घेत होती. चार महिन्यांत तिनं त्याची लघवी, वजन, सूज, सगळं रोजच्या रोज टिपलं होतं. ती रेघ कुठं चालली आहे हे डॉक्टरांच्या आधी तिला दिसलं होतं.

"कुंदे, मी तिकडं काय खायचो ते नानांना सांगितलेलं नाही."

"माहीत आहे मला. अंडी."

"अंडी तर बोटीवरच झाली."

मग त्यानं सांगितलं. मातीचा अभ्यास करायला तो दोन वर्षं अमेरिकेत, कॅन्ससमध्ये होता. रविवारी विद्यार्थ्यांची खानावळ बंद असायची. स्टेशनसमोर एका म्हाताऱ्या विधवेचं दुकान होतं. ती गाईच्या मांसाचा अख्खा तुकडा भट्टीत भाजायची, त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायची आणि लांबट पावात भरून द्यायची. भाजताना जो रस सुटायचा तो वेगळ्या वाटीत, कढत. पाव त्यात बुडवायचा आणि खायचा.

"पहिल्या रविवारी भूक लागली होती म्हणून विचारलं नाही काय आहे ते. दुसऱ्या रविवारी विचारलं. तिसऱ्या रविवारी पुन्हा गेलो."

कुंदाला किळस येईल असं त्याला वाटलं असावं, कारण तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती म्हणाली, "बुडवल्यावर पाव विरघळत नाही?"

"वरचं कवच कडक असतं ना. आतलं तेवढं भिजतं." तो थांबला. "मिठाची चव विसरलोय मी, कुंदे. पण ती वाटी आठवते."

त्यानं एवढंच सांगितलं. मागितलं नाही. कुंदानं मात्र प्रात्यक्षिकाची वही काढली, नवं पान उघडलं आणि विचारलं, "किती भाजायचं?"

हरिहर बराच वेळ आठवत राहिला. त्या बाईजवळ तापमान दाखवणारा एक काटा होता, मांसात खुपसायचा. एकशे चाळीस अंश फॅरनहाइट झालं की ती बाहेर काढायची. त्याच्यावर गेलं की चामडं होतं, त्याच्याखाली कच्चं. मध्यभागी गुलाबी राहिलं पाहिजे. कुंदानं समासात भागाकार केला आणि लिहिलं : साठ अंश सेल्सिअस.

नाना बुधवारी पहाटे मूर्तिजापूरला निघाले. तिथून जवळच्या नदीकाठच्या देवळात मुलासाठी रुद्राची अकरा आवर्तनं करायची होती. गुरुवारी संध्याकाळी परत येणार होते. म्हणजे हातात होते दोन दिवस, आणि आलेखाच्या हिशेबानं पुढचा बुधवार असेलच असं नव्हतं.

डोमाजी हा प्रयोगशाळेतला जुना शिपाई. कुंदानं त्याला आदल्या दिवशी तराजूच्या खोलीत गाठलं आणि काय हवं ते सरळ सांगितलं. डोमाजीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"ताई, तुमी भटाच्या. तुमाले हे काहून पाह्यजे?"

"दादाला."

"अमेरिकेवाल्या भाऊले?" त्यानं खोलीचं दार लोटलं. "बकऱ्याचं आनून देऊ का? कोनाले समजते?"

"त्याला समजेल. आणि मला माहीत असेल."

"तुमचं तर असंच असते. पोराईनं एक थेंब जास्त टाकला तरी तुमी पुन्हा कराले लावता." पण बुधवारी दुपारी तो आला. तेजाबाच्या बाटल्यांच्या खोक्यात, भुशाखाली, पळसाच्या पानांत बांधलेलं पुडकं होतं. "हेल्याचं हाये. अर्धा किलो. गाईचं भेटत नाही, अन् भेटलं असतं तरी म्या आनलं नसतं, सांगून ठेवतो."

"रेड्याचं चालेल, डोमाजी."

"माझ्या घरवालीले धाडू का? थे मटन करते. हे बी करून देईन."

"नको," कुंदा म्हणाली. "माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

स्टेशनाजवळच्या बेकरीतून तिनं लांबट पाव आणले होते, कडक कवचाचे. कांदाही आणला होता. नानांच्या घरात कांदा येत नसे. पुडकं तिनं सरळ सोडलं, पण कांदा चिरताना मात्र तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. इंटरला तिनं बेडूक फाडले होते. स्नायू ओळखीचा होता. त्याचे तंतू, त्यांवरचं पांढरं आवरण, सगळं पुस्तकातल्या आकृतीसारखंच, फक्त मोठं.

मागच्या अंगणातल्या छपरीत तिनं शेगडी पेटवली. अडगळीतली बिडाची कढई काढली होती. आई तिच्यात शेंगदाणे भाजायची. आई गेल्यापासून ती वापरात नव्हती, म्हणून नानांच्या स्वयंपाकघरातलं काही बाटणार नव्हतं. मांसाला मीठ आणि मिरपूड चोळून तिनं ते कांद्यावर ठेवलं, भोवती थोडं पाणी घातलं. एक काठ तुटलेलं लोखंडी झाकण त्यावर टाकलं आणि झाकणावर निखारे रचले. तुटलेल्या काठातून प्रयोगशाळेचा तापमापक तिरका आत सरकवला. पाऱ्याचा फुगा बरोबर मांसाच्या मध्यभागी रुतवला. तापमापक एकशेदहा अंशांपर्यंतचा होता. साठ मोजायला पुष्कळ झाला.

दर दहा मिनिटांनी ती आकडा टिपत होती. अठ्ठावीस. एकतीस. सदतीस. सदतीसला ती क्षणभर थबकली, कारण ते जिवंत शरीराचं तापमान होतं. चव्वेचाळीसला वास सुटला.

छपरीला लागून असलेल्या खोलीत हरिहरची खाट होती. त्याचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी मोठा. "कुंदे, बरोबर येऊन राहिला वास. तीच ती वाटी."

"गप पडून राहा. अजून सोळा अंश आहेत."

"म्हणजे किती वेळ?"

"अर्धा तास. जास्त नाही."

"मला टेकून बसव मग."

तिनं त्याला उशा लावून बसवलं. सुजेनं त्याचे डोळे बारीक झाले होते, पण ते दाराकडे लागले होते. परत येऊन तिनं पाहिलं : बावन्न. आणि त्याच वेळी समोरच्या दाराची कडी वाजली.

माणिकबाई होती. रोज सकाळी भाजी घेऊन यायची, ती आज दुपारी आली होती. पाटी तिनं ओट्यावरच ठेवली. "सकाळी येनं नाही झालं वं बाई. पालक आनला, कोवळा हाये." आणि मग नाक वर करून, "काय शिजून राह्यलं?"

"काढा आहे. दादाचं औषध."

"काढ्याले असा वास?"

"अमेरिकेचं औषध आहे."

"असीन बाई. त्याईच्या औषधाले त्याईच्यासारखाच वास." माणिकबाई काही लवकर हलेना. भाऊची सूज उतरली का, भटजी कुठं गेले, तिच्या दिराचंही पोट असंच फुगलं होतं, मग त्याला गोखरूचा काढा दिला. कुंदा दाराच्या चौकटीत उभी राहून सगळ्याला हो हो म्हणत होती. घाई केली असती तर माणिकबाई आत आली असती. पालक घेऊन दार लावेपर्यंत बारा मिनिटं झाली होती.

छपरीत येताना तिला एक बारीकसा आवाज ऐकू आला, वाळकी शेंग फुटावी तसा.

तापमापकात पाऱ्याची रेघ नव्हती. तिनं चिमट्यानं झाकण उचललं. मांस आकसलं होतं. मुठीएवढा तुकडा होता तो चांगलाच आखूड झाला होता, आणि आकसताना त्यानं तापमापक बाहेर ढकलला होता. फुगा वरच्या तापलेल्या झाकणाला टेकला असणार. निखाऱ्यांखालचं झाकण दोनशे अंशांच्या खाली नसणार. पारा चढत चढत वरच्या टोकाला भिडला असेल आणि पुढं जागा नाही म्हणून फुगा फुटला असेल. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती दर जूनमध्ये हेच सांगायची. मांस शिजताना आकसतं, ही गोष्ट मात्र तिच्या कोणत्याच पुस्तकात आली नव्हती. डोमाजीच्या बायकोला ती ठाऊक होती.

निखारे तिनं ताबडतोब अंगणात ओतले, हरिहरच्या खोलीचं या बाजूचं दार लावून घेतलं आणि श्वास धरून कढई उघड्यावर आणली. निवल्यावर पाहिलं. तळाशी अर्धी वाटी तपकिरी रस साचला होता. कढई कलती केली की त्यातून लहानलहान चंदेरी गोळ्या धावत एका जागी जमत. सुरीनं तिनं मांस मधोमध कापलं. आत ते गुलाबी होतं, कडेनं तपकिरी, जसं त्यानं सांगितलं होतं अगदी तसं.

"झालं का?" आतून हरिहरनं विचारलं.

ती आत गेली आणि घडलं तसं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता.

हरिहरनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पारा जड. तळाला बसला असेल. वरवरचा रस काढून दे."

"त्याची वाफ झाली असणार, दादा. झाकणाखाली. ती मांसावर बसली असेल. शिवाय रसात मीठ आहे. काय तयार झालं असेल, सांगता येत नाही."

"अंदाजानं सांग."

"अंदाज करता येत नाही. किती राहिला ते मोजायला माझ्याजवळ काही नाही."

"पारा कशाला बाधतो?"

कुंदानं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"सांग की."

"मूत्रपिंडाला."

हरिहर हसला. हसताना त्याला धाप लागली. "मग तिथं आता बिघडायला काय उरलंय? तुझ्याच कागदावर बघ."

"दादा, तू हे खाल्लंस आणि उद्या गेलास, तर कशानं गेलास ते मला कधीच कळणार नाही."

त्यानं बंद दाराकडे पाहिलं. छपरीतून वास अजून येत होता.

"म्हणजे तुला कळावं म्हणून मी तसंच जायचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादं गणित तपासून पाहावं तसं तो म्हणाला. मग उशा काढायला सांगितल्या आणि भिंतीकडे वळून पडला.

कुंदानं लिंबाच्या झाडाखाली दोन फूट खणलं. मांस, रस, काच, कढई, सगळं त्यात ठेवलं. कुत्र्याला उकरता येऊ नये, कावळ्याला दिसू नये म्हणून माती लोटून वर धुण्याचा दगड ओढून बसवला. कामाला दीड तास लागला. मग तिनं गरम पाण्यात मीठ आणि मिरपूड घातली, पावाचा तुकडा त्यात बुडवला आणि हरिहरच्या ओठांशी नेला. त्यानं तोंड उघडलं, चावलं, गिळलं.

"जवळजवळ तसंच," तो म्हणाला. खोटं बोलताना तो लहानपणापासून डावीकडे बघायचा, तसाच आताही बघितला. दुसरा घास त्यानं घेतला नाही.

गुरुवारी सकाळी पुन्हा एक पुडकं मागायला ती कॉलेजात डोमाजीला शोधत गेली. तो रजेवर होता. संध्याकाळी नाना आले, गळ्यात देवळातला हार, हातात अंगाऱ्याची पुडी. शुक्रवारपासून हरिहर कोणाला ओळखेनासा झाला. रविवारी पहाटे गेला. आलेखात तेच दिसत होतं, एका दिवसाच्या फरकानं. कशानं गेला याबद्दल कुंदाच्या मनात काही शंका नव्हती. तिनं ज्यासाठी सगळं मातीत घातलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी नाना मोर्णा नदीच्या काठी गेले. दुसऱ्यांची पिंडदानं करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. कावळा शिवेना म्हणून उन्हात तासन् तास बसलेले लोक, त्यांच्या विनवण्या, मेलेल्यांच्या राहिलेल्या इच्छांच्या याद्या, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते दुपार टळल्यावर येतील असं धरून कुंदानं पाणी तापवायला ठेवलं नव्हतं. साडेदहालाच अंगणात त्यांची पावलं वाजली.

ते लिंबाखालच्या धुण्याच्या दगडावर बसले, पाय धुण्यासाठी. चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच उतरलेला दिसत होता.

"लगेच शिवला," ते म्हणाले. "मी हात जोडायच्या आत. चाळीस वर्षांत असं दोनतीनदाच पाहिलं असेल." त्यांनी डोळे पुसले. "काही राहिलं नव्हतं गं त्याचं. सगळं मिळालं होतं."

चैत्र लागायच्या सुमारास नदी आटते, काठावर खायला काही नसतं, कावळे सकाळपासून भुकेले असतात. हे कुंदाला माहीत होतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे ती मुलांना शिकवत असे. तिनं तोंड उघडलं.

नाना तिच्याकडे पाहत होते.

"हो नाना," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. ते दगडावरून ओघळून खाली मातीत मुरलं.