ओळख न पटलेले चारशे दहा

"दहा," मावशी म्हणाली, आणि भाचीने वहीत एक रेघ ओढली. भरती चढत होती. चिखलावरचे सगळे पक्षी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने येऊन टेकले होते. दुर्बिणीला डोळा लावून मावशीची मान अवघडली होती, पण मान हलली की मोजणी गेली.

पाच हजार पक्षी भरले, तर इथे भराव पडणार नव्हता. एक जरी कमी पडला, तर पडणार होता. नियम करणारे कधी चिखलात उतरले नसावेत.

"चार हजार सातशे वीस," भाचीने बेरीज केली. "आणि ते टोकाचे चारशे दहा. ते कोण?"

"चिखल्या. पण छोटा चिखल्या की मोठा, जाती दोन आहेत, सांगता येत नाही. ओळखायचं चोचीवरून आणि पायांवरून. चोच पिसांत खुपसून, पाय पोटाखाली घेऊन झोपलेत मेले."

कचेरीच्या कागदावर फक्त ओळख पटलेल्यांचे रकाने होते.

"छोटा लिहून टाक की गं. कोण बघायला येतंय?"

 गेल्या वर्षी मावशीने नेमकं हेच केलं होतं. कचेरीतल्या साहेबांनी थव्याचा फोटो मोठा करून त्यातले चार मोठे चिखल्या दाखवले आणि तिची अख्खी मोजणी केराच्या टोपलीत घातली. आठवलं की अजून तिची कानशिलं तापत.

तिने पट्टी घेतली, कागदाच्या कडेला नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'ओळख पटली नाही'. खाली, चारशे दहा.

यंदा साक्षीदार म्हणून आलेले तेच साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागेच उभे होते. "असा रकाना आमच्याकडे नसतो, बाई."

"आता आहे."

"ज्यांची ओळख नाही, ते मोजायचे कसे?"

"तुमच्या कचेरीबाहेर रांग लागते, त्यातल्या किती जणांना ओळखता? म्हणून रांग नसते का?"

भाचीने हसू लपवायला वहीत डोकं घातलं. साहेब लाल झाले.

"उद्या काहीही आकडा ठोकाल तुम्ही या रकान्यात!"

मावशी दुर्बिणीपासून बाजूला झाली. "या. तुम्हीच मोजा. कमी भरले, तर रकाना मी माझ्या हाताने खोडते."

साहेब नाइलाजाने वाकले. शंभराच्या आसपास आले आणि थव्यातले काही उठून पुन्हा बसले. त्यांनी जीभ चावली, पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आलं, मग दुमडलेल्या पँटला लागलं. भाची रेघा ओढत होती. चौथं शतक भरलं, तरी टोकाला पक्षी उरलेच होते.

"साहेब, सही करताय ना?" मावशीने विचारलं.

"श्श! मध्ये बोलू नका हो," ते दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले. "चुकेल."