चारूचे वरचे दोन दात

चारू म्हणजे माझी अकरा महिन्यांची भाची, आणि मी तिची एकुलती एक, नववीतली आत्या. तिला वरचे दोन दात आले तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, अर्ध्या कडाव गावाला बातमी सांगितली.

आमच्या पाच म्हशी. त्यामुळे चारू दुपारी झोपायची ती साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच. "दूधवाल्याची नात हाय ती," अप्पा ऐटीत म्हणायचे.

एका रविवारी चारूच्या आईने, म्हणजे सुप्रियावहिनीने, तिचा ओठ उचलला. "आसावरी, बघ गं."

नव्याकोऱ्या दातांवर, हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ!

कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कीड लागायची सुरुवात. आत्ता सांभाळलंत तर थांबेल. झोपताना बाटली बंद, साखर बंद, दात रोज पुसायचे.

घरी आल्यावर अप्पा उखडलेच. "आमच्या दुधानं दात किडतात व्हय? आन् दुधाचे दात, पडायचेच हायेत ना ते!"

मला वाटलं, आता वहिनी मान खाली घालणार. मी असते तर घातलीच असती. पण ती सरळ मागच्या पडवीत गेली आणि सकाळचा दुधाचा कॅन घेऊन आली.

"अप्पा, हा आज न धुताच ठेवू?"

"येडी का काय गं तू? कडंला थेंबभर राह्यलं तरी उद्याचं सगळं दूध नासंल!"

"चारूच्या तोंडात ते रोज दोन तास राहतं."

अप्पांनी तिच्या हातातला कॅन घेतला आणि स्वतःच धुवायला नेला. मी तर मनातल्या मनात शिट्टी मारली. आवाज न चढवता, एका कॅनमध्ये वाद संपवला बाईने!

दुसऱ्या दुपारी चारूने बाटलीसाठी गाव गोळा केलं. अप्पांनी तिला खांद्यावर टाकलं आणि ती झोपेपर्यंत गोठ्याला फेऱ्या मारल्या. मोजल्या मी, एकसष्ट! आणि संध्याकाळी, धार काढायच्या आधी धुतात तसे कोपरापर्यंत हात धुऊन, बोटाला ओलं स्वच्छ फडकं गुंडाळून त्यांनीच तिचे दात पुसले. तेव्हापासून ते काम त्यांचंच. आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बघितलं. रेघ होती तेवढीच होती, वाढली नव्हती. वहिनीने इतका मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं.

"कसे पुसता, दाखवा बघू," बाई म्हणाल्या.

अप्पांनी रुबाबात बोट पुढे केलं आणि पुढच्या क्षणाला खुर्चीतून उडाले. "आयाया! चावली गं!"

"चावणारच," वहिनी म्हणाली. "दूधवाल्याची नात हाय ती."