आर्लिसचं कुलूप

आमच्या मागच्या फाटकाच्या साखळीत चार कुलपं होती. एक आमचं, एक वीजवाल्यांचं, एक ह्यूस्टनहून येणाऱ्या शिकाऱ्यांचं आणि एक आर्लिसचं. कुलपात कुलूप अडकवलेलं. ज्याने त्याने आपलं उघडायचं आणि बंद करताना शेजारच्या कुलपात नीट अडकवायचं. एखादं वगळलं की त्याचा मालक बाहेरच राहतो. टेक्सासात पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात, असं माझा नवरा हिल्मर सगळ्यांना सांगत असतो.

आर्लिस आमच्या कुंपणापलीकडचा. त्याच्या रानात हरणं कमी आणि दगडच जास्त. सासरे होते तेव्हापासून तो शिकारीच्या हंगामात आमच्याकडे येतो, एक हरीण मारतो आणि आमच्याच शेडमध्ये बसून त्याच्या मांसाचे सॉसेज भरतो. निम्मं आम्हाला. भाड्याबिड्याचं कधी कुणी बोललं नाही. आमची गुरं त्याच्या तळ्यावर पाणी पितात, तेव्हा तरी कोण बोलतं? त्यासाठी त्याच्या फाटकावर आमचंही एक कुलूप आहे.

यंदा आम्ही रान शिकारीसाठी भाड्याने दिलं. आजूबाजूच्या सगळ्यांनीच दिलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ह्यूस्टनवाल्यांची अट एकच, रानात दुसऱ्या कुणाची बंदूक नको. तीही रास्तच. उद्या कुणाला चुकून गोळी लागली म्हणजे? आर्लिसला फक्त हे सांगायचं होतं.

"सांगितलंस का?" चर्चमध्ये आर्लिस भेटायचाच, तिथून परतताना मी दर रविवारी विचारायची.

"पाद्री शेजारीच उभे होते गं."

पुढच्या रविवारी आर्लिसचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी फुटबॉलचा विषय निघाला.

"तूच सांग ना," हिल्मर शेवटी म्हणाला.

"मित्र तुझा. मी कशाला वाईटपणा घेऊ?"

हंगामाच्या आदल्या दिवशी तो मागच्या फाटकाकडे जाऊन आला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. "झालं काम. त्याचं कुलूप काढलं साखळीतून. कळेल त्याला."

"अरे, काय केलंस हे?"

"तारेला अडकवून ठेवलंय. हरवायचं नाही."

जसं काही कुलूप हरवायचीच मला काळजी होती. चांगली खरडपट्टी काढली त्याची. पण फोन समोर होता आणि मीही तो उचलला नाही.

सकाळी आर्लिसची पिकअप अंगणात शिरली. हिल्मरने खिडकीतून पाहिलं आणि, "मी घरी नाही म्हण," असं पुटपुटत आत निघाला. मी त्याची बाही धरून त्याला खुर्चीत बसवलं.

आर्लिस हसतच आत आला, शिकारीची नारिंगी टोपी हातात घेऊन. "अगं अल्विना, कॉफी टाक. तुमची ही शहरातली मंडळी म्हणजे कमाल आहे. साधी साखळी लावता येत नाही यांना. माझं कुलूप वगळलं ते वगळलं, वर तारेला टांगून ठेवलं."

हिल्मर कपात बघत होता.

"तेवढ्यात त्यांच्यातला एकजण फाटकापाशी आला. त्याला चांगला झापला. उभा करून साखळी कशी लावतात ते दाखवलं. तर म्हणतो कसा, आम्ही नाही, मालकांनीच काढलं. म्हटलं, तोंड सांभाळून बोल. हिल्मरला मी शाळेपासून ओळखतो. त्याला नाही म्हणायचं असेल, तर माझ्या दारात येऊन म्हणेल. असला चोरटेपणा त्याच्या रक्तात नाही."

बोल रे मेल्या, आता तरी बोल, असं माझ्या मनात चाललं होतं. हिल्मरचे कान लालभडक झाले होते. त्याने ताटली पुढे सरकवली.

"बिस्किट घे ना, आर्लिस."

आर्लिसने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यात त्याला सगळं कळलं.

"हं," तो म्हणाला. कॉफी तशीच ठेवून त्याने टोपी घातली. "मग त्या पोराची माफी मागायला हवी. उगाच बोललो बिचाऱ्याला."

आणि खरोखर तो माफी मागायला गेला. दुपारी मी मागच्या फाटकाशी जाऊन पाहिलं, तर आपलं कुलूप त्याने नेलं होतं आणि उरलेली तिन्ही एकमेकांत नीट अडकवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या फाटकावर गेले. आमचं कुलूप त्याने उपटून फेकलं असणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. फिटंफाट झाली असती आणि मलाही त्याला दोन शिव्या देता आल्या असत्या.

कुलूप जागच्या जागी होतं. ताजं तेल घातलेलं, माझ्या बोटांना लागलं. आत तळ्यावर आमची गुरं पाणी पीत होती. मला इतकी लाज वाटली की किल्ली हातात असून फाटक उघडवेना. तशीच परत फिरले.

हिल्मर दारातच उभा होता. "काढलं का त्याने आपलं?"

"नाही."

तो पायरीवर बसला.

"काढायला हवं होतं गं त्याने," तो म्हणाला.