कोरड्या हवेचं घर

लॉयड स्कोग्लुंडने पाण्याने भरलेलं पातेलं, तळघरातल्या भट्टीची गरम हवा खोलीत येते त्या जमिनीतल्या जाळीवर ठेवलं आणि मागे सरून त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू धरणाचं उद्‌घाटन झालं.

"हा बघा आमचा ह्युमिडिफायर. फुकटातला," तो म्हणाला.

सोफ्यावर त्याचा साडू डेल्मर आणि मेहुणी आर्डिस कॉफी घेत होते. लॉयडची बायको मार्लिस खिडकीजवळच्या खुर्चीत होती. थंडी पडल्यापासून ती रात्रीही तिथेच बसून झोपायची. आडवं झालं की खोकला उसळे. कोरड्या हवेने घोळणा फुटून हातातल्या रुमालावर रक्ताचा डाग पडला होता. लॉयडच्या हिशेबात दुसऱ्याच्या नाकातलं रक्त खर्चाच्या बाजूला कधी पडतच नसे.

"अरे, पातेल्याने काय होतंय?" डेल्मर म्हणाला. "तळघरात भट्टीच्या हवेच्या नळीलाच ते यंत्र बसवतात. पाणी आपोआप येतं, घरभर सारखी ओल. आर्डिसचा घसा सुधारला. जमिनीच्या फळ्यांतल्या फटीसुद्धा मिटल्या. हवा कोरडी नसली की गारठाही कमी वाटतो, आम्ही भट्टी जरा मंदच ठेवतो."

"वा! आता हवेला पाणी पाजतोस. उद्या ताट वाढशील." लॉयड स्वतःच्याच विनोदावर हसला. "माझ्या आजोबांनी मिनेसोटाचे हिवाळे लाकडी खोपटात काढले. हवेची खुशामत नाही केली."

"आजोबा चाळिशीतच गेले तुझे," आर्डिस म्हणाली.

लॉयडने ते ऐकलं नाही. सोयीचं तेवढंच ऐकू येणारे कान त्याला देवाने दिले होते.

"बसवणारा ओळखीचा आहे. उद्याच येईल," डेल्मर म्हणाला.

लॉयड बायकोकडे वळला. "काय गं, हवंय का तुला?"

"नको. उगाच कशाला खर्च," मार्लिस म्हणाली, आणि मान खाली घालून थांबली.

त्या गावात पहिला नकार हा नकार नसतो. केकचा तुकडादेखील दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं असतं. लॉयडलाही हे ठाऊक होतं. उभा जन्म त्याने तिथेच काढला होता.

"ऐकलंत?" त्याने हात झटकले. "घरच्या बाईलाच नको. मिटला विषय."

आर्डिसने कप खाली ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "मार्लिस, बर्फ वितळेपर्यंत आमच्याकडे येतेस?"

"येते."

डेल्मरचा कप ओठांपाशीच थांबला. आर्डिस आणखी दोनदा आग्रह करायच्या तयारीत होती.

मार्लिस आत गेली आणि लगेच बॅग घेऊन बाहेर आली. तेवढ्या वेळात बॅग भरून होत नाही.

डेल्मर गाडी तापवायला गेला. लॉयडने खुंटीवरचा लोकरी कोट काढून तिच्यापुढे धरला. पाहुण्यांसमोर तेवढी रीत तो पाळत असे. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि चट्ट करून कोरड्या हवेतल्या विजेची ठिणगी उडाली. दोघांनीही हात मागे घेतले.

"थंडीत होतं असं," तो म्हणाला. "काही नसतं त्यात."

मार्लिसने खाली पडलेला कोट उचलला आणि स्वतःच अंगात घातला.