पेल्याच्या बुडाखालचे गाव

मित्रांनो, आजकाल मला जो बघतो तो म्हणतो, "वा, काय लखलखीत आहे!" आणि दर वेळी मला वाटते, धरणीने पोटात घेतले तर बरे. मी एक जुना चांदीचा पेला आहे. उज्जैनला माधव नगरात, पोतनिसांच्या देवघरात राहतो. इतका चमकत असूनही मला लाज का वाटते, ते तुम्हाला सांगायलाच हवे.

माझा जन्म स्कॉटलंडमधला. डंकन गिलीस नावाच्या बाळाच्या बारशाला त्याच्या आजीने मला घडवून घेतले. तिकडचे बारसे चर्चमध्ये होते, पण आजीची हौस इकडच्या आजीसारखीच. माझ्या पोटावर तिने बाळाचे नाव कोरून घेतले आणि बुडाखाली त्याच्या गावाचे. पोरगा मोठा होऊन कुठेही गेला तरी पेला उलटा केला की त्याला गाव सापडेल, असे ती म्हणाली होती.

तुम्ही विचाराल, मग ते गाव कोणते? मित्रांनो, मला ठाऊक नाही. स्वतःच्या बुडाखालचे कोणाला वाचता येते? आणि गावात राहणारी माणसे गावाचे नाव कधी घेत नाहीत, ती नुसते 'इथे' म्हणतात. मला आठवतो तो दारातून आत घुसणारा खारा वारा, चुलीचा ओला धूर आणि मेंढ्यांची बें बें. एवढ्यावर कोणाला पत्ता लागणार?

डंकन इंजिनीयर झाला आणि रेल्वेचे पूल बांधायला माळव्यात आला. त्याच्या पेटीतून मीही आलो. काही वर्षांनी तो तापाने गेला. त्याची बायको मुलांना घेऊन महूला राहायला गेली आणि घरातल्या सामानाचा लिलाव झाला. पोतनिसांचे पूर्वज तेव्हा शिंदे सरकारच्या कचेरीत होते. त्यांनी मला मोठ्या कौतुकाने घरी आणले, पण बायकांनी मला अंगणातच अडवले. ज्या पेल्याला साहेबाचे ओठ लागले तो आत कसा घ्यायचा? मग चिंच झाली, राख झाली, विस्तव झाला आणि शेवटी क्षिप्रेचे पाणी झाले. पूजेच्या पंचपात्राला धरायचा कान नसतो, म्हणून सोनाराकडे नेऊन माझा कान कापला. दुखले खूप, पण देवाशेजारी जागा मिळाल्यावर मी थोडा फुगलोही होतो.

पुढे घरातल्या सुना बदलत गेल्या आणि प्रत्येकीने मला मनापासून घासले. पोटावरचे नाव पुसट झाले. बुडाकडे मात्र फारसे कोणी बघत नसे, म्हणून ते काळे पडले आणि तिथली अक्षरे टिकली.

सध्या या घरात विनोदिनीबाई मोठ्या. पाहुणा येणार म्हटले की त्या पडदेसुद्धा धुवायला काढतात. त्यांची सून निहारिका बँकेत आहे. पूजा करताना एकदा तिचे लक्ष माझ्या पोटावरच्या पुसट नावाकडे गेले. तिने माझा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला.

काही दिवसांनी सकाळी महूहून फोन आला. बोलणाऱ्या बाई होत्या मिस आयलीन गिलीस, निवृत्त शिक्षिका. डंकन त्यांचे पणजोबा.

"बेटा, हमारी दादी कहती थीं, कप के नीचे गाँव का नाम है. देखोगी ज़रा?"

निहारिकाने मला उलटे केले. "हाँ आंटी, कुछ लिखा तो है, पर बहुत बारीक है. आप संडे को आ ही जाइए ना, आराम से बैठकर पढ़ेंगे."

तिला बँकेत जायला उशीर होत होता. तिने मला जागेवर ठेवले आणि सासूला घाईघाईने सांगितले, "आई, रविवारी महूहून एक बाई येणार आहेत. आपला पेला त्यांच्या पणजोबांचा होता." एवढे बोलून ती निघून गेली.

विनोदिनीबाईंनी मला हातात घेतले. तेल, गंध, बुडाला काजळी, आणि ठेवला की डगमगणार. त्यांचा चेहराच उतरला. "अरे देवा! दुसऱ्याच्या पणजोबांची वस्तू, आणि आपण ही अशी ठेवून दिली? काय म्हणतील त्या?"

दुपारीच मला रुमालात गुंडाळून त्या सराफ्यात पोचल्या. कारागिराने मला उलटसुलट करून पाहिले.

"माताजी, नीचे कुछ खुदा है. रहने दूँ?"

"अरे भैया, किसी पुरानी दुकान का ठप्पा होगा. घिसके सब एक जैसा कर दो. मेहमान आने वाले हैं."

बुडावर कानस फिरली. मी ओरडलो, पण पेल्याचे ओरडणे म्हणजे लोकांना कानशीचाच आवाज वाटतो. मग पॉलिशचे चाक फिरले आणि मी नवा होऊन घरी आलो.

रविवारी निहारिकाने मिस गिलीसना नानाखेड्याच्या बस स्टँडवरून स्कूटरवर बसवून आणले. किरकोळ बांध्याच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. पर्समध्ये त्यांनी भिंग आठवणीने आणले होते. पोहे-जिलेबी समोर आली तरी त्यांची नजर देवघराकडे जात होती.

"स्कॉटलैंड में डंकन गिलीस नाम के ढेरों निकले," त्या म्हणाल्या. "चर्च की किताबें हर गाँव की अलग हैं. गाँव मालूम हो तभी पता चले कि इनमें मेरा कौन-सा है. पैर चलते हैं तब तक एक बार उस गाँव में खड़ा होना है, बस."

"बिलकुल सही है," विनोदिनीबाई म्हणाल्या. "हमको यहाँ दो सौ बरस हो गए, पर कोंकण का अपना गाँव बच्चे-बच्चे को मालूम है." मग तबकात फुले घालून त्यांनी मला बाहेर आणले. "देखिए, कैसा चमकाया है!"

निहारिकाचा चेहरा पांढरा पडला. मिस गिलीसनी मला उलटे केले. माझ्या बुडात त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी भिंग पर्समध्ये परत ठेवले.

"बहुत साफ़ कर दिया आपने," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, खाली गावाचं नाव होतं," निहारिका म्हणाली. "मी त्याच दिवशी वाचून ठेवायला हवं होतं."

'हे आधीपासून असंच होतं' हे वाक्य विनोदिनीबाईंच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. पण ते त्यांनी गिळले. "दुकानवाले ने मुझसे पूछा था," त्या म्हणाल्या. "मैंने ही कहा, घिस दो. मुझे लगा, काला कप देखकर आप हमको क्या समझेंगी."

निहारिकाने दुकानात फोन लावला. कारागीर बिचारा म्हणाला, "मैडम, अंग्रेज़ी थी, मैंने पढ़ी नहीं."

विनोदिनीबाईंनी मला उचलून मिस गिलीसच्या हातात दिले. "आप ले जाइए. आपका ही है."

मिस गिलीसनी माझ्या पोटावरून बोटे फिरवली. तिथेही आता काही नव्हते. त्यांनी मला पुन्हा तबकात ठेवले. "नहीं बहनजी. इसमें हमारा जो था, वो गया. अब ये आपका ही है." मग पाहुणचाराचा अपमान नको म्हणून त्यांनी गार झालेले पोहे शेवटच्या घासापर्यंत खाल्ले आणि दुपारच्या बसने त्या परत गेल्या.

तेव्हापासून विनोदिनीबाई मला घासत नाहीत. नुसते पाण्यातून काढतात आणि बुडावरून अंगठा फिरवत बसतात. हाताला काही लागत नाही. मला त्यांचा राग येत नाही, कारण मलाही तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही. एका आजीने विश्वासाने एकच गोष्ट माझ्याकडे सोपवली होती.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूवर हात चालवण्याआधी ती एकदा उलटी करून बघा. काही लिहिलेले असेल तर लगेच वाचा, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचा. आम्ही जपतो, पण आम्हाला वाचता येत नाही, आणि एकदा पुसले गेले की आठवूनही सांगता येत नाही. महूच्या त्या बाईंना आजही कोणी विचारले, "आपका गाँव कौन-सा?" तर त्या नुसते "स्कॉटलंड" म्हणतात. एवढे मोठे उत्तर कोणाच्याही वाट्याला येऊ नये.