हळदीच्या कापडावरची पावलं

दिंडोरी रस्त्यावरच्या मठापुढे सकाळपासून रांग लागली होती. आत अच्युताश्रम स्वामींना खुर्चीत बसवलं होतं. शिष्य त्यांचे पाय तांब्यातल्या पाण्याने धूत, पिवळ्या कापडावर टेकवत आणि लालभडक पावलं उमटत.

"कुंकवाचा कण नाही!" पट्टशिष्य झुंबर महाराज ओरडत होता. "स्वामी मौनात, पावलं बोलतात! एकेक पाऊल, एकेक वेद!"

स्वामींचं सगळं आयुष्य संस्कृत व्याकरण शिकवण्यात गेलं होतं. कोणी पायाशी वाकलं तर ते पाय आखडून घेत आणि म्हणत, "पोथी उघड." चातुर्मासात मात्र ते मौन पाळत. म्हणूनच १९९८च्या आषाढी एकादशीला त्यांची वाचा बंद झाली, तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. तेही तपाचं तेज ठरलं.

श्रावण संपता संपता त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी डॉ. सुवर्णा दर्शनाला आल्या. त्यांनी स्वामींचा उजवा हात उचलून सोडला. तो मांडीवर आपटला.

"हे मौन नाही, अर्धांगवायू आहे. आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं."

"चातुर्मासात संन्यासी मठ सोडत नाही," झुंबर म्हणाला.

रांगेतल्या धोंडाबाईंनीही त्याचीच री ओढली. "पाप लागंल, बाई. पावलं दिसत नाय का तुला?"

सुवर्णांनी तांब्यात हात बुडवला आणि कापडावर दाबला. लाल पंजा उमटला.

"अगं बया, हिच्या बी अंगात आलं!"

"अंगात काही नाही, मावशी, तांब्यात आहे. ही चुन्याची निवळी. कापड हळदीत रंगवलंय. हळदीला चुना लागला की ती लाल होते." त्यांनी पूजेतलं लिंबू पिळलं. पंजा पुन्हा पिवळा झाला.

मग त्यांनी स्वामींचा उजवा पाय उचलून दाखवला. तळवा सोलवटला होता, टाच चिघळली होती. बधिर पायाला कळलं नव्हतं. कळलं असतं तरी सांगणार कसं?

"आन् आमी ह्येच पाय कपाळाला लावत व्हतो," धोंडाबाई पुटपुटल्या.

"ही तर लीला..." झुंबरने सुरुवात केली.

"लीला राहू दे. खुर्ची धर तिकडून."

स्वामी वाचले. वाचा परतली नाही. सुवर्णा खाटेशी बसून एखादं सूत्र सुरू करत. स्वामींचे ओठ हलत, पुढचा शब्द येत नसे. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर? खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. पण बोलता माणूस अचानक मुका झाला, तोंड वाकडं झालं, तर हात जोडून बसू नका. गाडी बोलवा.